सतरंजीवर सांगितलेला पगार

आमच्या गडचांदूरला लग्नाच्या पंगतीत बसलं की पहिला प्रश्न येतो, 'कुठी लागली?' आणि भात वाढून व्हायच्या आत दुसरा येतो, 'किती भेटते?' विचारणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसतं. सिमेंटचं गाव आहे. इथे शिक्षणाचा अर्थ अगदी सरळ आहे, कारखान्याच्या कोणत्या गेटमधून आत जाणार एवढाच. आयटीआय केलं तर कंत्राटी कामगारांचं गेट, डिप्लोमा केला तर त्याच्या बाजूचं, आणि इंजिनियर झालात तर तुमच्या गाडीसाठी वॉचमन दांडी वर करतो. माझ्या वडिलांचं टायर पंक्चरचं दुकान ह्या गेटांच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे आहे. त्यामुळे कोण कुठून आत जातं हे मला लहानपणापासून पाठ आहे. समाजशास्त्रवाल्यांसाठी गेट कुठेच नव्हतं.

तरीही मी समाजशास्त्र घेतलं, आणि वर हैदराबादला जाऊन त्यात एम.ए. करायचं ठरवलं. बी.ए. गावातच झालं होतं, त्याला फारसा खर्च आला नाही. हैदराबादच्या संस्थेने माझी निवड केली तेव्हा मी दोन दिवस हवेत होते. मग फीचा कागद आला. दोन वर्षांची फी, होस्टेल, मेस मिळून साडेतीन लाख. माझी स्कॉलरशिप राज्याबाहेर चालत नव्हती. बाबांच्या दुकानात ट्रक रोज येत असले तरी कमाईचा कागद असा कुठलाच नव्हता, आणि आई ड्रायव्हर लोकांचे डबे करायची, त्याचाही नव्हता.

बँकेतले साहेब माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, मार्कशीट वाचून मान डोलावली आणि अर्जाच्या एका रकान्यावर बोट ठेवलं. शिक्षण पूर्ण झाल्यावर अपेक्षित पगार. नर्सिंगवाली मुलगी आली की तो आकडा मीच भरतो, ते म्हणाले, इंजिनियरिंगवाल्याचाही भरतो. पण समाजशास्त्राचं काय लिहू? तुम्हीच सांगा, आणि वरच्या ऑफिसला पटेल असं सांगा. मी अर्ज परत घेतला. घरी आले ती चिडून. साहेबांवर, बँकेवर, सिमेंटवर, आणि जेवायला बसल्यावर भाजीतल्या मिठावरसुद्धा.

बाबा म्हणाले, "मी सही करतो न. माह्या सहीनं होत नाई का?"

आई म्हणाली, "आधी बैठकीत सांग."

आईची बैठक म्हणजे बचत गटाची. आमच्या वस्तीतल्या बायकांचा गट आहे आणि आई त्याची अध्यक्ष. महिन्यातून एकदा आमच्याच अंगणात सतरंजी पसरतात. ह्या गटाची एक रीत आहे, ती मी दुसऱ्या कुठल्या गटात पाहिली नाही. सुरुवातीच्या काळात एकीने शिलाई मशीन घेते म्हणून कर्ज उचललं आणि भावाला मोटारसायकल घेऊन दिली. भाऊ मोटारसायकलसकट तेलंगणात गेला, आणि हप्ते सगळ्या जणींच्या डोक्यावर बसले. तेव्हापासून नियम झाला. कर्ज गटाचं असो की बाहेरचं, घरात मोठं कर्ज येणार असेल तर घेणाऱ्याने सतरंजीच्या मधोमध बसायचं, आणि भोवतीच्या प्रत्येकीने एक सवाल विचारायचा. सगळे सवाल संपल्याशिवाय उठायचं नाही. नवऱ्यांनाही बसवलेलं आहे. बाबा एअर कॉम्प्रेसर घेताना बसले होते आणि घामाघूम होऊन उठले होते.

मी म्हटलं, कर्ज बँकेचं, गटाचा काय संबंध? आईने फक्त सतरंजी झटकली. गटाचं खातंही त्याच बँकेत होतं. तिच्या घरचा हप्ता थकला तर तिथे गटाचं नाव खराब होईल, हे तिच्या डोक्यात पक्कं होतं.

तर मी बसले. वय वर्षं एकवीस, बी.ए. फर्स्ट क्लास, आणि भोवती माझा शेंबूड पुसलेल्या बायका. पहिलीने विचारलं, हे शिकून काय येते? मी दीर्घ श्वास घेऊन सुरू झाले. सामाजिक संरचना, विषमता, विकासाची प्रक्रिया. मी चांगलं बोलत होते असं मला आजही वाटतं. पण कोपऱ्यात एक ऐंशीच्या घरातली म्हातारी बसायची, तिला ऐकू कमी यायचं. ती शेजारणीला विचारत होती, "काय म्हणते?" आणि शेजारीण म्हणाली, "मले बी नाई समजलं, आजी."

मग गेटासमोर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईची पाळी आली. ह्या बाईंचं वस्तीत वजन होतं. उधारीवाला दहा वर्षांनी दिसला तरी त्या त्याला नावाने हाक मारत.

"ते झालं सारं," त्या म्हणाल्या. "पगार किती भेटन ते सांग."

मी हैदराबादच्या दोन जुन्या विद्यार्थिनींना फोन करून विचारलं होतं. खोटं बोलायचा मोह झाला, पण समोर आई बसली होती. "सुरुवातीले पंधरा-सोळा हजार," मी म्हटलं.

"तुह्या चुलत भावाले किती भेटते? फिटर हाये न तो."

"त्याहून जास्त."

"म्हंजे त्याच्याहून जास्त शिकून त्याच्याहून कमी घेशीन. अन् ते बी कर्ज काढून."

बायका हसल्या. मला राग आवरला नाही. मी म्हटलं, "हो, घेईन. तो सर्वेवाला आठवते का तुमाले? दोन वर्षांआधी आला होता तो. हातपंप पाह्यला अन् वस्तीले पाणी आहे म्हणून लिहून गेला. पंपातून लाल गाळ येते हे त्यानं कोणाले विचारलं? टँकर बंद झाला त्याच्या त्या एका ओळीनं. माह्यी आई डोक्यावर पाणी आणून राह्यली होती सारा उन्हाळा. ती ओळ लिहिणारी मी पाह्यजे होती. विचारून लिहिलं असतं मी."

हे मी आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मलाही ते तिथेच कळलं म्हणा ना.

टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "त्यानं माह्याकडं दोन चहा पेले होते. पैसे नाई देल्ले." आणि आईकडे वळून, "घेऊ दे तिले. पुढच्या बैठकीपासून हप्ता."

मी घाईने समजावलं की शैक्षणिक कर्जाला असा लगेच हप्ता नसतो. शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत एक रुपया भरावा लागत नाही. सगळ्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, जणू मी मोटारसायकलवाल्याची बहीण होते. कर्ज घ्यायचं आणि तीन वर्षं भरायचंच नाही, असं कोणती बँक म्हणते? ह्यात काहीतरी काळंबेरं आहे, असं एकमताने ठरलं. गटात ज्या बैठकीत कर्ज घेतलं तिच्या पुढच्या बैठकीत हप्ता सतरंजीवर ठेवायचा असतो. ह्यापेक्षा वेगळा व्यवहार त्यांनी पाहिला नव्हता आणि पाहायची तयारीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन अपेक्षित पगाराच्या रकान्यात सोळा हजार लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "जास्त लिहिलं तरी चालतं," ते म्हणाले. मी म्हटलं, हेच खरं आहे. कर्ज मंजूर झालं.

हैदराबादला माझं बरं चाललं होतं. त्रास होता तो घरून येणाऱ्या फोनचा. आई दर महिन्याला डब्यांच्या पैशातून दोन हजार काढून बँकेत जायची आणि माझ्या कर्जात भरायची. काउंटरवरचा मुलगा म्हणायचा, "बाई, याले अजून वेळ आहे, काऊन येता?" आई म्हणायची, "मले बैठकीत सांगा लागते." तो एकदा दुसऱ्या ग्राहकाकडे वळला तर ही तिथेच उभी राहिली. मागे रांग वाढली, लोक कुरकुरले, आणि शेवटी त्याने पैसे घेतले. मग बैठकीत ती जाहीर करायची, भरला. आणि बायका माना डोलवायच्या.

मला हे ऐकून लाज वाटायची. मी शिकलेली मुलगी, माझी आई बँकेत नियम माहीत नसल्यासारखी रांग अडवून उभी राहते. मी तिला फोनवर तीनदा समजावलं, त्या पैशात साडी घे, गॅसची शेगडी घे, बाबांचे डोळे दाखव. ती म्हणायची, "तू अभ्यास कर. हे आमचं हाये." चौथ्यांदा मी आवाज चढवला तेव्हा तिने फोन बाबांकडे दिला. बाबा म्हणाले, "जाऊ दे न बाप्पा. माह्यं कोणी ऐकते का इथी?"

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मेसमध्ये एका संध्याकाळी आम्ही मैत्रिणी कर्जाचा विषय घेऊन बसलो. प्रत्येकीने मोबाईलवर हिशोब केला. घेतलेलं इतकं, वर्षागणिक वाढणारं व्याज इतकं, मिळणारा पगार इतका. दोन वर्षं समाजातल्या विषमतेवर तावातावाने बोललेल्या आम्ही सगळ्या आता फक्त आकडे बोलत होतो. जिला शाळांवर काम करायचं होतं तिने त्याच आठवड्यात साबणाच्या कंपनीत ग्राहकांचा अभ्यास करायची नोकरी धरली. मी तिला बोल लावत नाही. हप्ता कोण भरणार होतं?

माझ्याही समोर दोन नोकऱ्या होत्या. एक एका मोठ्या कंपनीच्या ग्रामविकास विभागात, पगार बत्तीस हजार. मुलाखतीत त्यांनी काम सांगितलं, त्यात वाटपाचे कार्यक्रम आणि त्यांचे फोटो जास्त होते, विचारणं कमी. दुसरी गडचिरोली जिल्ह्यात मुलचेऱ्याला, एका लहानशा संस्थेत. गावांनी आपल्या जंगलावर सामूहिक वनहक्काचे दावे करायचे असतात, त्या कामात ग्रामसभांना मदत. पगार सोळा हजार. बरोबर तोच, जो मी रकान्यात लिहिला होता. मन मुलचेऱ्याकडे होतं आणि मोबाईलवरचा हिशोब कंपनीकडे. व्याज धरून हप्ता सुरू होईपर्यंत कर्ज साडेचार लाखांच्या वर जाणार, हप्ता आठ हजारांच्या आसपास, म्हणजे अर्धा पगार. खोलीभाडं, जेवण, गावोगाव फिरायचं पेट्रोल कुठून? कंपनीला होकार कळवायचा असं ठरवून मी गावी आले. वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय ह्याचा रागही येत होता.

होकार कळवायच्या आधी नेमका हप्ता विचारावा म्हणून आईला घेऊन बँकेत गेले. साहेब बदलले होते. नव्यांनी संगणकात पाहिलं आणि आकडा सांगितला. तो साडेतीन लाखांपेक्षा थोडा कमीच होता. मी म्हटलं, सर, दुसऱ्याचं खातं उघडलं असेल. त्यांनी नाव वाचून दाखवलं. व्याज दर महिन्याला भरलं गेलं आहे, ते म्हणाले, त्यामुळे मुद्दल फुगलंच नाही. पाच-साडेपाच हजार हप्ता बसेल.

आईचा चेहरा पडला. "म्हंजे माह्ये पैसे मुद्दलात नाई गेले? सारे व्याजातच गेले?" गटात तिने भरलेला प्रत्येक रुपया कर्ज कमी करायचा. इथे दोन वर्षं भरून कर्ज जवळपास तिथेच, म्हणजे आपल्याला फसवलं, असं तिला वाटलं. ती साहेबांशी भांडायला लागली. साहेब तिला समजावत होते आणि मी शेजारच्या खुर्चीत बसून रडत होते. काउंटरवरचा तो मुलगा पाणी घेऊन आला. त्याने आधी आईला दिलं.

कंपनीला मी नकार कळवला. मुलचेऱ्याला गेले.

तिथली पहिली दोन वर्षं कशी गेली ते विचारू नका. आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलातून मोटारसायकलवर जाताना मी कितीदा पडले ते आईला अजून माहीत नाही. गोंडी बोलायला शिकले, तर पोरं माझ्या उच्चारांवर हसून लोळायची. पण काम मला येत होतं, हे मी छाती पुढे काढून सांगते. जंगल कोणाचं हा प्रश्न कागदावर एका ओळीचा दिसतो. गावात बसून विचारलं की कळतं, मोह कुठला कोणी वेचायचा, गुरं कोणत्या नाल्याला जातात, मयत कुठे नेतात, कोणत्या झाडाखाली देव आहे. हे सगळं नकाशावर यावं लागतं, आणि बायका बोलल्या नाहीत तर अर्धं जंगल नकाशातून गळतं. पुढे पुढे करून पुरुषच बोलायचे. म्हणून मी आमच्या वस्तीची रीत तिथे नेली. नकाशा सतरंजीच्या मध्ये ठेवायचा आणि भोवतीच्या प्रत्येकीने एक सवाल विचारल्याशिवाय सभा उठवायची नाही. पहिल्या गावात एका बाईने विचारलं, आमचा तेंदूपत्त्याचा डोंगर कुठे आहे ह्याच्यात? तो डोंगर खरंच राहून गेला होता. आम्ही नकाशा पुन्हा काढला. त्या गावाचा दावा मंजूर झाला तेव्हा डोंगर त्यात होता. आता ती ग्रामसभा तेंदूपत्ता स्वतः विकते आणि त्या बाई लिलावाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसतात. त्या डोंगराचा मला जेवढा अभिमान आहे, तेवढा माझ्या डिग्रीचा नाही.

तरी लग्नाच्या पंगतीत मी गडबडायचे. 'किती भेटते?' कोणी म्हटलं की 'बरा आहे' म्हणून ताटात बघायचे. चुलत भाऊ आता पर्मनंट झाला होता, त्याचा आकडा सगळ्यांना माहीत होता. आईसुद्धा माझा विषय निघाला की उठून वाढायला लागायची. तिला कमीपणा वाटतो, असं मी धरून चालले होते. मी तिला कधी विचारलं नाही, आणि तीही कधी बोलली नाही.

यंदा कर्ज फिटलं. बँकेने बेबाकीचा दाखला दिला, आणि आईने बैठक बोलावली. कर्ज फिटलं की त्या माणसाने पुन्हा सतरंजीच्या मधोमध बसायचं असतं, आणि पेढ्यांच्या डब्यातला पहिला पेढा तिला द्यायचा, जिने सगळ्यात कठीण सवाल विचारला होता. मी टपरीवाल्या बाईंपुढे डबा धरला. त्यांनी पेढा घेतला, पण खाल्ला नाही, हातातच ठेवला.

"तू उठू नको," त्या म्हणाल्या. "सरक थोडी."

आणि त्यांनी आपल्या नातीला माझ्या शेजारी बसवलं. नुकतंच बी.ए. झालेली पोरगी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला समाजशास्त्रातच एम.ए. करायचं होतं, पुण्याला. कर्ज काढून.

"हे तुह्यं ऐकून ऐकून बिघडली," टपरीवाल्या बाई म्हणाल्या. "आज पहिला सवाल तू विचार हिले."

मी विचार केला. सोपा विचारावा असं मनात आलं, पण ते गटाच्या रीतीत बसणारं नव्हतं. मी म्हटलं, "पगार किती भेटन, ते माहीत करून घेतलं का?"

तिने ओढणी सोडली आणि सरळ माझ्याकडे बघितलं. "तेच तुमाले विचारायचं होतं, ताई. तुमाले किती भेटते?"

इतकी वर्षं हा आकडा मी पंगतीत गिळला होता. इथे 'बरा आहे' चालणार नव्हतं. ह्या पोरीचं कर्ज त्यावर ठरणार होतं.

"अठ्ठावीस हजार," मी म्हटलं. "सोळापासून सुरू झाली. सात-आठ वर्षांनी अठ्ठावीस. फिटरपेक्षा आजही कमी आहे. हप्ता भरून खोली, जेवण, पेट्रोल निघालं. कर्ज एकदाही थकलं नाई. पण ते मी शिकून राह्यली होती तवा आईनं व्याज भरलं म्हणून."

कोपऱ्यातल्या म्हातारीने कानाला हात लावला. आता ती नव्वदीला टेकली होती. "किती म्हणते?"

शेजारीण सांगणार होती, पण आई उठली. सतरंजी ओलांडून म्हातारीपाशी गेली, तिच्या कानाशी वाकली, आणि रस्त्यापलीकडच्या दुकानात बसलेल्या बाबांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली,

"अठ्ठावीस हजार, आजी. माह्या पोरीले. समाजशास्त्रात."

म्हातारीने मान डोलावली. तिला पहिल्याच वेळी ऐकू आलं होतं, हे दिसत होतं. तरी आईने ते तिला पुन्हा एकदा सांगितलं.